वाचणारे अनेक, लिहिणारा एक

आमच्या वसमतच्या घरांत माजघराच्या उत्तरेकडील कोनाड्यांत पूर्वीं पंचांग असे. वडिलांच्या हयातींत तें कोणीं तेथून हलविलेलें त्यांस खपत नसे. एकादशी केव्हां, संकष्टीचा चंद्रोदय किती वाजतां, अमुक दिवशीं भद्रा आहे कीं नाहीं, हें ज्यास पाहिजे त्यानें तेथें जाऊन पाहावें आणि पुस्तक जागच्या जागीं ठेवावें, असा शिरस्ता होता. एकाच वेळीं तिघीजणी त्यावर वांकून पाहत असल्या तरी एकीचा दुसरीस अडथळा होत नसे. कारण पाहण्यानें पंचांग बदलत नाहीं, आणि एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंत त्यांत कोणी एक अक्षरहि लिहीत नाहीं. सकाळीं पाहिलेलें सायंकाळीं पुन्हां पडताळून पाहण्याचें त्यांत कारणच नसतें. आमची वाचनाची संवय अशा पुस्तकांवर पोसलेली आहे. आधीं पाठशाळेंत अमरकोश व रघुवंश, पुढें छत्तीस वर्षें शाळेंतील क्रमिक पुस्तकें; हीं सारीं एकदां छापलीं कीं छापलीं. ह्या संवयीनें गेल्या मार्गशीर्षांत आमच्या वहिनींच्या जिवावर बेतलें होतें. तो प्रकार, आणि त्याच्या मुळाशीं जें निघालें तें, वाचकांस सांगावें असें वाटतें.

त्या कोनाड्यांत आतां एक जुना लॅपटॉप असतो. आमचा नातू नांदेडास अभियांत्रिकी शिकतो. त्यानें घरच्या उपयोगासाठीं त्यावर औषधांची वही करून दिली आहे. घरांत माणसें अकरा, त्यांत औषधें घेणारीं पांच. कोणास काय, किती, केव्हां द्यावयाचें, हें पडद्यावर मोठ्या अक्षरांत सदैव दिसत असतें. आरंभीं एकच प्रोग्राम होता. त्यांतच लिहावयाचें व त्यांतच वाचावयाचें. पण आमच्यासारख्यांच्या बोटांनीं भलतीच कळ दाबली जाऊन नोंदी पुसल्या जाऊं लागल्या, म्हणून गेल्या दिवाळींत त्यानें दोन प्रोग्राम वेगळे केले. पडद्यावरचा केवळ वाचणारा. त्यांत कोणीं काहींहि दाबलें तरी नोंदीस धक्का लागत नाहीं. दुसरा लिहिण्याचा, तो सूनबाई उघडते. वही दोघांची एकच. ही व्यवस्था आम्हांस फार आवडली होती.

वहिनींचें वय पंचाहत्तर. आमचे ज्येष्ठ बंधु जाऊन नऊ वर्षें झालीं. वहिनींस मधुमेह जुना. सकाळ-सायंकाळ इन्सुलिन घ्यावें लागतें आणि तें टोंचण्याचें काम आमच्याकडे आहे. मार्गशीर्षांतल्या एका सोमवारीं सकाळीं डॉक्टरांचा सूनबाईस फोन आला. रक्ततपासणीचा नवा अहवाल पाहून त्यांनीं सायंकाळची मात्रा १८ युनिटांवरून १२ वर आणावयास सांगितली होती. सूनबाईनें तत्काळ तशी नोंद केली, आणि शाळेस निघतांना ती आम्हांस म्हणाली, "मामंजी, डॉक्टरांनीं मोठ्या सासूबाईंची मात्रा बदलली आहे. लिहून ठेवली आहे, तेवढी पाहून घ्या."

सायंकाळीं आम्हीं पाहिलें. पडदा १८ म्हणत होता. कालहि १८ च होते. मग बदललें काय, असें क्षणभर मनांत आलें. पण ज्याचा उभा जन्म लिहिलेलें वाचून दाखविण्यांत गेला त्याचा लिहिलेल्यावर विश्वास फार. सकाळची मात्रा बदलली असेल, असें आपल्याशींच म्हणून आम्हीं १८ युनिटें दिलीं. सूनबाई स्वयंपाकघरांत होती; दहा पावलांवर. विचारलें नाहीं. दुसऱ्या सायंकाळीं तर शंकाहि आली नाहीं.

त्या रात्रीं दोनच्या सुमारास वहिनींच्या खोलींतून तांब्या पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहतों तों त्यांचें अंग घामानें डबडबलेलें, हात थरथरत असलेले, आणि आम्हांस आमचे बंधु समजून त्या म्हणत होत्या, "दार लोटून घ्या, थंडी येते." दार लोटलेलेंच होतें. सूनबाई धांवत आली, तिनें बोटाला सुई टोंचून साखर मोजली. यंत्रानें ४८ दाखविली. गिळतां येत होतें हें नशीब. साखरेचें पाणी दिलें, पंधरा मिनिटांनीं पुन्हां मोजली तेव्हां ७१ झाली, मग दूध-पोळी दिली. पहांटे त्यांनीं आम्हांस "भावजी, तुम्ही अजून जागे?" असें विचारलें तेव्हां आम्हांस खालीं बसावें लागलें.

"काल किती दिलें होतें?" सूनबाईनें विचारलें. आम्हीं सांगितलें. ती कांहीं न बोलतां कोनाड्याकडे गेली आणि तिनें आपला प्रोग्राम उघडला. त्यांत १२ होते. शेजारीं पडद्यावर १८. एकाच यंत्रांत, एकाच वहींत, एकाच वेळीं दोन आंकडे! सूनबाई रडूं लागली.

नातू सकाळच्या एसटीनें आला. त्यानें प्रथम मोठ्या आजीच्या पायांवर डोकें ठेवलें आणि मग पडद्याचा प्रोग्राम बंद करून पुन्हां सुरू केला. तत्क्षणीं तेथें १२ दिसूं लागले. नोंद हरवलेली नव्हती, चुकलेलीहि नव्हती; पडदाच शिळें वाचीत होता. तसें कां झालें तें त्यानें आम्हांस दोन दिवस बसून समजाविलें. त्याची भाषा आम्हांस अर्धीच कळे. म्हणून आम्ही तें आमच्या भाषेंत मांडतों.

मोठ्या कचेरींत दप्तर असतें आणि दप्तरावर दप्तरदार असतो. कागद पाहणें असो वा नोंद करणें असो, सारें त्याच्याच हातून. म्हणून गोंधळ झाला तर निस्तरणाराहि तोच. बँकांचे व रेल्वेचे डेटाबेस ह्या जातीचे. दुसरी जात घरगुती. तींत दप्तरदारच नाहीं. वही एका फाइलीच्या रूपानें यंत्रांत पडलेली असते, आणि ती कशी वाचावी, कशी लिहावी, हें शास्त्र प्रत्येक प्रोग्रामाच्या पोटांत घातलेलें असतें. म्हणून तो अंगभूत डेटाबेस. ह्या जातींत सर्वप्रसिद्ध एसक्यूलाइट. रिचर्ड हिप ह्या अमेरिकन गृहस्थानें तो २००० सालीं प्रथम प्रसिद्ध केला. त्या सुमारास ते अमेरिकन आरमाराच्या एका लढाऊ जहाजावरील कामासाठीं प्रोग्राम करीत होते. तेथें डेटाबेसाचा दप्तरदार, म्हणजे सर्व्हर, बंद पडला कीं सारें अडून बसे. तेव्हां फाइल समोर असतां मध्यस्थ कशास, असा विचार त्यांच्या मनांत आला. त्यांनीं त्यावरचा आपला स्वामित्वहक्कहि सोडून दिला आहे. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनांत एसक्यूलाइट असतो. नांवें व नंबर, व्हॉट्सअॅपचे निरोप, हें सारें त्याच्याच वह्यांत राहतें. आमच्या औषधांची वहीहि त्याचीच.

दप्तरदार नाहीं, मग हाणामारी कशी होत नाहीं? मूळ पद्धति अशी. वाचणारा वहीवर 'मी वाचीत आहें' अशी खूण ठेवतो. अशा खुणा कितीहि असूं शकतात. लिहूं इच्छिणारा 'मला लिहावयाचें आहे' अशी राखीव खूण ठेवतो. ती एका वेळीं एकासच मिळते, पण तेवढ्यानें वाचणारे उठत नाहींत. प्रत्यक्ष वहींत उतरविण्याची वेळ आली म्हणजे मात्र पंगतीचा नियम लागतो. बसलेल्यांस जेवूं द्यावें, नव्यांस बसवूं नये. शेवटचा उठला म्हणजे जागा स्वच्छ करावी आणि मग पुढची पंगत बसवावी. नव्यांस दारांत थांबविण्याची ही तजवीज नसती तर एक उठतो तों दुसरा बसतो, आणि लिहिणाऱ्याची पाळी कधींच येती ना. शिवाय ज्या पानांत फेरफार करावयाचा त्याची मूळ प्रत आधीं वेगळी उतरून ठेवावयाची. लिहितां लिहितां वीज गेली (आणि आमच्याकडे ती जाते, हें सांगणें नको) तर पुढें जो कोणी पहिला वाचावयास येईल त्यानें त्या प्रतीवरून वही पूर्ववत् करावी, मग वाचावें. म्हणजे अर्धवट लिहिलेलें कोणाच्या दृष्टीसहि पडत नाहीं.

आणि बदल कळावा कसा? वहीच्या आरंभीं १०० बाइटांचें शीर्षक असतें, त्यांत २५ व्या बाइटापासून चार बाइटांत एक आंकडा असतो. लिहिणें पुरें झालें कीं तो आंकडा एकानें वाढतो. आधीं वाचून ठेवलेलीं पानें अजून खरीं आहेत काय, हें ठरविण्यास वाचणाऱ्यानें सारी वही चाळण्याचें कारण नाहीं. हा आंकडा तोच आहे ना, एवढें पाहिलें कीं झालें.

हें ऐकतांच आम्हांस सातबारा आठवला. आमचा प्रांत १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता; वडिलांच्या पेटींतील जुने जमिनीचे कागद उर्दूंत आहेत. पुढें राज्यें बदललीं, नमुने बदलले, पण तत्त्व एकच. खरेदी झाली, वारस लागले, वांटणी झाली, म्हणजे तलाठी (ह्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) गांव नमुना ६ मध्यें फेरफार धरतो. संबंधितांस नोटीस जाते, हरकतीस पंधरा दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकाऱ्यानें प्रमाणित केल्यावर सातबारा बदलतो. हल्लींच्या नव्या नमुन्याच्या सातबाऱ्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीख छापलेली असते, आणि एखादा फेरफार प्रलंबित असेल तर तेंहि लिहिलेलें असतें. जुनी नक्कल खिशांत घालून जमिनीचा सौदा करणारे व मग कपाळास हात लावणारे आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्या हातांतील नक्कल खोटी नव्हती, शिळी होती.

परंतु आमच्या नातवानें वापरली होती ती ह्याच्या पुढची पद्धति. ती एसक्यूलाइटांत २०१० सालीं आली. वसमतच्या हळदीच्या बाजारांत ज्यानें अडत दुकान पाहिलें आहे त्यास ती लगेच समजेल. सौदे चालू असतां मुनीम पक्की खतावणी उघडीत नाहीं. कच्च्या वहींत एकाखालीं एक टिपीत जातो, आणि गर्दी ओसरली म्हणजे पक्कींत उतरवितो. येथेंहि लिहिणारा मूळ वहीस हातच लावीत नाहीं. बदललेलें पान कच्च्या वहीच्या शेवटीं जोडतो. वाचणारा येतो तेव्हां कच्च्या वहीचा शेवट त्या क्षणीं कोठें आहे तेथें मनानें एक रेघ धरतो. कोणतेंहि पान हवें असलें कीं त्यानें प्रथम रेघेच्या अलीकडे कच्च्या वहींत पाहावें, तेथें नसेल तर पक्कींत. रेघेच्या पलीकडे दुसऱ्यानें कितीहि लिहिलें तरी तें त्याच्यापुरतें नाहींच. कच्ची वही साधारण हजार पानांची झाली कीं मजकूर पक्कींत उतरविला जातो. (कच्च्या वहींतील प्रत्येक पानासोबत त्याच्या अक्षरांवरून काढलेली एक बेरीज लिहिलेली असते, म्हणजे पान अर्धवट राहिलें तर ओळखूं येतें. आमच्या गुरुजींकडे घनपाठ म्हणतांना एखादा स्वर ढळला कीं पुढच्या आवर्तनांत तो उघडा पडे, त्याची आठवण झाली.)

ह्या पद्धतींत लिहिणारा वाचणाऱ्यास अडवीत नाहीं आणि वाचणारा लिहिणाऱ्यास अडवीत नाहीं. लिहिणारा मात्र एका वेळीं एकच. हा नियम दोन्ही पद्धतींत आहे. रेघ धरणें हें तसें पुण्यकर्म होय. जमेचें पान वाचून खर्चाच्या पानाकडे वळावें तों मध्येंच कोणी आंकडे बदलले तर हिशेब जुळावयाचा कसा? रेघ धरल्यानें सारी वही एकाच क्षणाची दिसते. पण रेघ धरणाऱ्यानें वाचन संपलें कीं ती सोडली पाहिजे. आमच्या पडद्याच्या प्रोग्रामानें ती सोडलीच नव्हती. 'वाचन चालू' म्हणून तो जो बसला तो बसलाच. पूर्वीं आम्ही रोज रात्रीं लॅपटॉप बंद करीत असूं. सकाळीं नवें वाचन, नवी रेघ, म्हणून दोष झांकला जाई. त्याच रविवारपासून, रात्रीं-अपरात्रीं औषध पाहतां यावें म्हणून, आम्हीं तो अहोरात्र चालू ठेवावयास सांगितलें होतें. रेघ रविवारची; १२ ची नोंद सोमवारची. पडद्यास ती दिसणार कोठून? असा वाचणारा आणखी एक पीडा करतो. त्याच्या रेघेपलीकडचा मजकूर पक्कींत उतरवितां येत नाहीं, आणि कच्ची वही फुगत जाते.

"पण बदल झाला तर तुझ्या प्रोग्रामास कळावें, अशी कांहींच व्यवस्था नव्हती काय?" आम्हीं विचारलें.

होती. त्यानें एक घंटा बांधली होती. एसक्यूलाइटांत अशी सोय आहे कीं नोंद बदलतांच आपण सांगितलेलें काम आपोआप व्हावें. परंतु ही घंटा वाजते ती त्याच जोडणींतून, म्हणजे ज्यानें ती बांधली त्याच्याच हातून झालेल्या बदलास. दुसऱ्या प्रोग्रामानें लिहिलें तर ती मुकी. दिवाळीपूर्वीं लिहिणारा व वाचणारा एकच होता, तेव्हां ती नीट वाजे. दोन केले तेव्हां घंटा वाचणाऱ्याच्या गळ्यांत राहिली. आणि जो कधीं लिहीतच नाहीं त्याच्या गळ्यांतली घंटा जन्मांत वाजावयाची नाहीं. आम्हांस जी व्यवस्था फार आवडली होती तिच्यांतच हें होतें.

मास्तरकीच्या खोडीनें आम्हीं एक उपाय सुचविला. प्रत्येक फाइलीवर ती शेवटीं केव्हां बदलली ती वेळ असते, ती पाहावी. नातू म्हणाला, "आजोबा, नवी नोंद आधीं कच्च्या वहींत जाते. मूळ फाइल कित्येक दिवस हालतहि नाहीं. तिची वेळ पाहून काय कळणार?" आम्ही गप्प बसलों.

खरा उपाय साधा निघाला. वाचणाऱ्यानें वाचन आटोपून रेघ सोडावी, आणि थोड्या थोड्या वेळानें वहीस एक प्रश्न विचारावा: मागच्या वेळीं विचारलें तेव्हांपासून दुसऱ्या कोणीं कांहीं लिहून पुरें केलें आहे काय? उत्तरादाखल एक आंकडा येतो. मागच्याइतकाच असला तर नाहीं. निराळा असला तर होय. काय बदललें हें तो सांगत नाहीं. तें पुन्हां वाचूनच पाहावयाचें. विचारणाऱ्यानें स्वतः लिहिलेल्यानें हा आंकडा हालत नाहीं, घंटेच्या अगदीं उलट. आणि तो ज्याचा त्याच्यापुरता. एकाचा आंकडा दुसऱ्याच्या आंकड्याशीं ताडून पाहण्यांत अर्थ नाहीं. मुख्य गोष्ट ही कीं तो विचारावा लागतो. दप्तरदार असता तर त्यानें शिपाई धाडून कळविलें असतें. येथें कळविणारा कोणी नाहीं. घरांतहि नव्हता. सूनबाईनें 'पाहून घ्या' म्हटलें, आम्हीं पाहिलें, आणि दोघांसहि आपलें काम झालें असें वाटलें.

जातां जातां त्यानें आणखी एक गोष्ट सांगितली, ती आमच्या मनांतून जात नाहीं. एसक्यूलाइटाची वही उघडतांना वाचणारा असें शपथेवर सांगूं शकतो कीं ही वही बदलणारच नाहीं. मग खुणा नाहींत, रेघ नाहीं, विचारपूस नाहीं. ज्यावर कोणास लिहितांच येत नाहीं अशा ठिकाणच्या वहीसाठीं ही सोय आहे. शपथ खोटी ठरली तर मात्र भलतें उत्तर मिळतें, आणि तें भलतें आहे हें कोणी सांगतहि नाहीं. "मी तसें केलें नव्हतें हो, आजोबा," तो काकुळतीनें म्हणाला. त्यानें केलें नव्हतेंच. आम्हीं केलें होतें. पंचांगाच्या कोनाड्यांत ठेविलेली वही आम्हीं पंचांगासारखी वाचली होती.

आतां पडदा दर पांच सेकंदांनीं विचारतो. आमच्या आग्रहावरून खालच्या कोपऱ्यांत शेवटच्या नोंदीचा क्रमांक व वेळ दिसते, सातबाऱ्यावर असते तशी. हा क्रमांक नातवानें वहींतच वेगळा ठेविला आहे, म्हणून तो सूनबाईच्या प्रोग्रामांतहि तोच दिसतो; ती शाळेस जातांना तोंडीं सांगते, आम्ही सायंकाळीं ताडून पाहतों. वहिनींस ह्यांतलें कांहीं सांगावयाचें नाहीं असें आमचें ठरलें होतें. पण अकरा माणसांच्या घरांत काय लपतें? परवां सायंकाळीं सुई भरून त्यांच्याजवळ गेलों, तों त्यांनीं पदर सांवरून हात मागें घेतला.

"भावजी, नंबर पाहिलात का?"

पाहिला होता. तरी सुई ताटलींत ठेवली आणि पुन्हां कोनाड्याकडे गेलों.